वाघोलीची निळाई

फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये आणि ऑक्टोबरात म्युनिकमध्ये खनिजांची मोठी प्रदर्शने भरतात. तिथे भारतीय विक्रेत्यांच्या टेबलांवर एक निळा दगड हमखास दिसतो. पांढऱ्या स्फटिकांच्या थरावर निळेशार गोळे बसलेले असतात, आणि जवळून पाहिले की कळते, प्रत्येक गोळा म्हणजे एका केंद्रातून चहूबाजूंनी फुटलेल्या अणकुचीदार पात्यांचा झुबका आहे. सोबतच्या चिठ्ठीवर खनिजाचे नाव असते कॅव्हनसाइट आणि पत्ता असतो वाघोली, जिल्हा पुणे. परदेशातल्या ज्या संग्राहकाला महाराष्ट्राच्या नकाशावर दुसरे एकही गाव दाखवता येणार नाही, त्यालाही वाघोली माहीत असते.

पुण्यात मात्र वाघोली म्हटले की डोळ्यांपुढे येते ती नगर रस्त्यावरची वाहतूक, पाण्याचे टँकर, नव्या सोसायट्या आणि खडीचे ट्रक. हा निळा दगड त्याच खडीच्या खाणींतला आहे. शहराला खडी लागते म्हणून डोंगर फोडला गेला, आणि डोंगर फोडला गेला म्हणून जगाला हे खनिज इतक्या देखण्या रूपात मिळाले. यातला आनंद मोठा आहे आणि त्यातच एक नुकसानही आहे. दोन्हींविषयी लिहायला हवे.

निळे खनिज दिसले की त्यात तांबे असणार, असा पहिला अंदाज कोणीही करील. ॲझुराइट, क्रिसोकोला ही ओळखीची निळी खनिजे तांब्याचीच. कॅव्हनसाइटमध्ये तांबे नाही. ते कॅल्शियम आणि व्हॅनेडियम यांचे पाणीदार सिलिकेट आहे. त्याच्या नावातही कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांचीच आद्याक्षरे जोडलेली आहेत. एक अणू कॅल्शियम, एक व्हॅनेडियम, चार सिलिकॉन, त्यांना बांधणारे ऑक्सिजन आणि पाण्याचे चार रेणू असा त्याचा हिशेब. वजनाने पाहिले तर सुमारे ११ टक्के व्हॅनेडियम आणि जवळपास १६ टक्के पाणी. हातात धरलेल्या कोरड्या स्फटिकाच्या वजनाचा सहावा हिस्सा पाण्याचा आहे, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

हे पाणी कुठे राहते ते समजायला स्फटिकाच्या आत शिरावे लागते. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन ही सगळ्या सिलिकेट खनिजांची मूळ वीट. कॅव्हनसाइटमध्ये या विटा एकमेकींना जोडून सपाट थर तयार होतात आणि त्या थरांत चार-चार आणि आठ-आठ विटांची कडी असतात. इमारतीत जसे स्लॅबवर स्लॅब आणि मध्ये खांब, तसे दोन थरांच्या मध्ये व्हॅनेडियम उभे असते: भोवती चौरसात चार ऑक्सिजन, ते वरच्या-खालच्या थरांशी वाटून घेतलेले, आणि टोकाशी पाचवा, अगदी जवळ खेचलेला. खांबांमधल्या मोकळ्या जागेत कॅल्शियम आणि पाणी. खनिज तापवले की हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते.

रंग येतो तो खांबातून. इथल्या व्हॅनेडियमवर चार धन भार असतात आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन उरलेला असतो. पांढरा प्रकाश स्फटिकात शिरला की हा इलेक्ट्रॉन त्यातला तांबड्या बाजूचा भाग शोषून घेतो आणि निळा आपल्याकडे परत येतो. म्हणजे हा रंग वरून लागलेल्या कुठल्या डागाचा नाही, सूक्ष्म भेसळीचाही नाही. जांभळ्या गारेत लोहाचा अंश असतो म्हणून ती जांभळी. तो अंश नसता तरी गार ही गारच राहिली असती. कॅव्हनसाइटमधून व्हॅनेडियम काढले तर कॅव्हनसाइट उरतच नाही. निळेपणा त्याच्या बांधणीतच आहे.

याच रसायनातून निसर्गाने दुसरे एक खनिज घडवले आहे, पेंटागोनाइट. अणू तेच, प्रमाण तेच. फरक इतकाच की थरांतली कडी सहा-सहा विटांची असतात. बाहेरून मात्र रूप वेगळे दिसते. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट, तलवारीच्या पात्यासारखे असतात आणि पाच स्फटिक एका अक्षाभोवती जुळून वाढलेले आढळतात. आडवा छेद घेतला तर पाच टोकांची चांदणी दिसते. हे खनिज कॅव्हनसाइटपेक्षाही दुर्मीळ आहे. दोन्ही खनिजे पहिल्यांदा सापडली ती अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, माल्हूर परगण्यात, ओवायही धरणाच्या परिसरात. १९७३ साली लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड एव्हान्स आणि जेम्स लिंडसे यांनी ‘अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले. ओरेगनमधले स्फटिक फारच बारीक. त्याच राज्यातल्या गोबलजवळ आणि ब्राझीलमधल्या मोरो रॉयटरजवळही कॅव्हनसाइट मिळाले, पण संग्राहकाने काचेच्या कपाटात मधोमध ठेवावा असा नमुना या ठिकाणांहून क्वचितच येतो.

तो आला पुण्याहून. पुण्याच्या परिसरातल्या कॅव्हनसाइटची नोंद १९७०च्या दशकातच झाली होती. १९८०चे दशक संपता संपता वाघोलीच्या खाणींत मोठा साठा लागला आणि चित्रच बदलले. रुस्तम कोठावाला यांनी १९९१ साली ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या संग्राहकांच्या नियतकालिकात या जागेवर लेख लिहिला. जे खनिज तोवर भिंगाखाली पाहायचे होते, त्याचे सेंटिमीटरभर रुंदीचे, क्वचित त्याहूनही मोठे गोळे बाजारात येऊ लागले. पुढे त्याच भागातून पेंटागोनाइटही मिळाले. दोन जुळी खनिजे इतक्या विपुल आणि सुंदर रूपात देणारी वाघोलीसारखी दुसरी जागा जगात नाही.

हे पुण्यातच का घडले, याचे उत्तर निम्मे सोपे आहे. आपला अख्खा प्रदेश लाव्हाच्या थरांवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला. एकावर एक थर साचत गेले. आज उरलेला हा बेसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. घाटातून जाताना समोरच्या कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर.

लाव्हात वायू विरघळलेला असतो. लाव्हा वर आला, दाब कमी झाला की वायूचे बुडबुडे होतात आणि वरच्या बाजूला चढू लागतात. लाव्हा थिजला की बुडबुडे जागच्या जागी अडकतात. विहीर खोदणाऱ्याला असा थर लगेच ओळखू येतो: आधी घट्ट काळा दगड, मग भोकाभोकांचा, तांबूस, ठिसूळ थर, आणि पुन्हा काळा दगड. भोके कुठे वाटाण्याएवढी असतात, तर कुठे पोकळी इतकी मोठी की आत माणूस बसेल. लेणी कोरणाऱ्यांनाही ती भेटली. अजिंठ्याच्या भिंतींत पांढऱ्या खनिजांनी भरलेली अशी भोके आजही दिसतात. तिथल्या चित्रांतला हिरवा रंग ज्या हिरव्या मातीचा आहे, तीही याच पोकळ्यांना आतून अस्तर लावून बसते, आणि ती स्थानिक बेसाल्टमधूनच घेतली असावी असे अभ्यासक मानतात.

रिकाम्या पोकळीत पुढे पाणी शिरले. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, खोलीवर तापते आणि वाटेतला बेसाल्ट हळूहळू विरघळवते. बेसाल्टमधली ज्वालामुखी काच सगळ्यात आधी विरघळते. तिच्यातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम पाण्यात उतरतात आणि पोकळीत पोचल्यावर भिंतीवर स्फटिकरूपाने जमतात. त्यासाठी भट्टीचे तापमान लागत नाही. साधारण दोनशे अंशांच्या खालचे, पुष्कळदा त्याहून खूप कमी तापमान पुरते. स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट ही आपल्याकडची नेहमीची झिओलाइट खनिजे अशीच झाली.

जागोजागी खनिजे वेगळी का, हा प्रश्न मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या रा. ना. सुखेसवाला यांना पडला होता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतभर नमुने गोळा केले आणि १९७४ साली मांडले की या खनिजांचे पट्टे पडतात: एका पट्ट्यात लॉमोन्टाइट, दुसऱ्यात स्कोलेसाइट, तिसऱ्यात हुलँडाइट. पूर्व आइसलंडच्या बेसाल्टमध्ये जॉर्ज वॉकर यांनी असाच क्रम लावून दाखवला होता. तिथे तो क्रम लाव्हाचा थर किती खोल गाडला गेला होता हे सांगतो. अलीकडे जर्मन अभ्यासक बेर्थोल्ड ओटेन्स आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पोकळ्या एका दमात भरलेल्या नाहीत. त्या टप्प्याटप्प्याने भरत गेल्या आणि अपोफिलाइट या खनिजाचे काही स्फटिक तर लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी जमले. दगड फार पूर्वीचा, त्याच्या पोटातला स्फटिक बऱ्याच नंतरचा.

उत्तराचा अवघड अर्धा भाग व्हॅनेडियमचा आहे. बेसाल्टमध्ये ते सगळीकडे असते, पण दहा लाख भागांत काहीशे भाग एवढेच. इतके विखुरलेले मूलद्रव्य एका जागी गोळा व्हायचे तर पाण्याला ते उचलता आले पाहिजे, वाहून नेता आले पाहिजे आणि नेमक्या ठिकाणी खाली ठेवता आले पाहिजे. वाघोलीत यासाठी वेगळी जागा होती. इथले कॅव्हनसाइट गोल बुडबुड्यांपेक्षा अधिक करून तुटक्या-फुटक्या लाव्हाच्या तुकड्यांनी बनलेल्या पट्ट्यात मिळते. लाव्हाची साय फुटते, तुकडे पुन्हा लाव्हात अडकतात आणि तुकड्यांच्या मध्ये वेड्यावाकड्या फटी राहतात. अशा पट्ट्यातून पाणी खेळते, आणि तुकड्यांना पाणी लागायला पृष्ठभागही भरपूर मिळतो. फटींच्या भिंतींवर आधी हुलँडाइट आणि स्टिल्बाइटचे अस्तर बसले. त्यांच्यावर कॅव्हनसाइट वाढले. काही नमुन्यांत नंतर पुन्हा स्टिल्बाइट आले आणि निळा गोळा अर्धपारदर्शक पांढऱ्या स्फटिकाच्या आत बंद झाला. मला स्वतःला असे नमुने उघड्या गोळ्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांत आधी काय आणि नंतर काय, हा क्रम नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.

पुण्याच्या पाण्यात व्हॅनेडियम फिरत होते याचा दुसरा पुरावा अपोफिलाइटमध्ये आहे. पुण्याच्या खाणींतून निघालेले हिरवे अपोफिलाइट संग्राहकांत फार जुने मानाचे. ते हिरवे कशाने, याचा छडा जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ साली प्रकाशाच्या वर्णपटावरून लावला: त्यात अत्यल्प व्हॅनेडियम आहे, आणि तेही कॅव्हनसाइटमध्ये असते तसेच, चार धन भारांचे, एका ऑक्सिजनला घट्ट चिकटलेले. तोच घटक एका खनिजात लेशमात्र मिसळला तर हिरवा दिसतो, दुसऱ्यात बांधणीचा आधार झाला तर निळा. एकाच जिल्ह्यातल्या दगडांतून रसायनशास्त्राचा इतका सुंदर धडा शिकता येतो.

या दगडांचे कौतुक बाहेरच्यांनी फार आधी केले. १८३१ सालीच हेन्री जेम्स ब्रुक यांनी पुण्याकडून आलेल्या एका खनिजाला ‘पूनालाइट’ असे नाव दिले होते. पुढे ते मेसोलाइटच ठरले आणि नाव मागे पडले. त्यानंतर बोरघाटाचे काम निघाले. १८५६ ते १८६३ या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खंडाळ्याचा चढ फोडला. १८६१ साली तिथे एका वेळी ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल दगावल्यावर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले. त्या बोगद्यांतून आणि खोदकामांतून निघालेली अपोफिलाइट-स्टिल्बाइट युरोपच्या संग्रहालयांत पोचली. ज्या हातांनी पहारी मारल्या त्यांची नावे मात्र कुठल्याही चिठ्ठीवर नाहीत.

पुढेही हेच चालू राहिले. मुंबईत कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या खाणींतून ओकेनाइटचे मऊ पांढऱ्या तंतूंचे गोळे, गायरोलाइट, प्रेहनाइट निघाले. मग शहर त्या खाणींवर चढले. आज तिथे इमारती आहेत आणि ती ठिकाणे फक्त जुन्या चिठ्ठ्यांवर उरली आहेत. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत खाणींइतक्याच विहिरीही खनिजे देतात. शेतकरी पाण्यासाठी खणतो, दहा-पंधरा मीटरांवर पोकळी लागते आणि पाण्याआधी स्फटिक वर येतात.

वाघोलीची खाण काही स्फटिकांसाठी चालत नाही. भोके पाडायची, सुरुंग भरायचे, दगड उडवायचा, डबर ट्रकमध्ये भरायचे, क्रशरमध्ये टाकायचे, निरनिराळ्या मापाची खडी आणि कच वेगळी करायची. हिशेब ब्रासमध्ये. सरकारदरबारी हे गौण खनिज, त्याचे स्वामित्वधन भरायचे. या सगळ्या गतीत एखाद्या तुकड्यावर निळा ठिपका चमकला आणि तो कोणी वेळेवर उचलला, तरच तो वाचतो. खनिजाचा कठीणपणा तीन-चार. साध्या चाकूने ओरखडा पडतो. पाती ठिसूळ. घणाचा एक घाव चुकला की गोळा भुकटी होतो. म्हणून जगातल्या कपाटांत आज जे कॅव्हनसाइट आहे ते खाणीत काम करणाऱ्यांच्या नजरेमुळे आणि हातामुळे आहे. दगडाला कुठे तोंड आहे, सुतकी कुठे मारली की तो हवा तसा फुटेल, हे वडार समाजातल्या माणसांचे पिढीजात ज्ञान. फटीत छिन्नी कशी घालायची, पांढऱ्या अस्तराचा तुकडा पाठीमागच्या दगडासकट कसा सोडवायचा, हे कुठल्याही भूशास्त्राच्या वर्गात शिकवले जात नाही. या खाणकामगारांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणींवरच पाषाणशाळा चालवल्या, त्याही याच वाघोलीच्या परिसरात. खनिजाची गोष्ट सांगताना हेही सांगितले पाहिजे.

खाणीत दगड उचलणाऱ्याला मिळते ती रक्कम आणि टूसॉनच्या टेबलावर लागते ती किंमत यांत किती हात असतात, ते या धंद्यात कोणालाही विचारा. व्यापाऱ्यांना मी दोष देणार नाही. ते नसते तर बहुतेक सगळे कॅव्हनसाइट खडीत दळले जाऊन रस्त्याखाली गेले असते. माझी तक्रार नोंदींच्या अभावाविषयी आहे. नमुना हात बदलतो तसा त्याचा पत्ता झिजत जातो. आधी खाण जाते, मग थर जातो, मग गाव जाते आणि शेवटी चिठ्ठीवर नुसते ‘भारत’ किंवा ‘पूना’ उरते. असा नमुना सुंदर राहतो, पण त्याच्यावरून कुठल्या थरात व्हॅनेडियम साचले, कशाच्या आधी काय वाढले, हे पुन्हा कधी ठरवता येत नाही. आणि मूळ जागी जाऊन पडताळायचे म्हणावे तर जागा शिल्लक नसते. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत आली. खाणी संपतात, त्यांत पाणी साठते, भराव पडतो, वर बांधकाम उभे राहते. मुंबईत जे झाले ते इथे आपल्या डोळ्यांदेखत होते आहे.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेले गारगोटी संग्रहालय हा या बाबतीतला मोठा दिलासा आहे. महाराष्ट्रातल्या झिओलाइटांचे वैभव एका छताखाली पाहायचे तर तिथे जावे. शाळेच्या सहलींनी तर जावेच. पण पुण्याचा दगड पुण्यात, सहज जाता येईल अशा ठिकाणी, पूर्ण पत्त्यासह आणि आजूबाजूच्या खडकाच्या तुकड्यासह मांडलेला असायला हवा. त्याला मोठा खर्च येत नाही. चालू खाणीत नवा थर उघडला की भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जाऊन भिंतीचे फोटो काढावेत, खोली मोजावी, थराची जाडी लिहावी, प्रत्येक पट्ट्याचा एक-एक साधा तुकडा जपून ठेवावा. देखणा नमुना विकला गेला तरी चालेल, पण त्याच पोकळीतला एक ओबडधोबड तुकडा इथे राहिला पाहिजे.

ज्यांच्या हाती असा दगड येईल त्यांच्यासाठी थोडे. मागणी आली तशी नक्कलही आली. मातृखडकावरून निखळलेले खरे निळे गोळे दुसऱ्याच पांढऱ्या स्टिल्बाइटवर चिकटवून विकतात. गोळा खरा, स्टिल्बाइटही खरे, खोटी फक्त त्यांची जोडी. भिंगाखाली गोळ्याच्या बुडाशी पाहावे. खऱ्या नमुन्यात निळी पाती पांढऱ्या स्फटिकांच्या मधून वाढलेली दिसतात, काही ठिकाणी दोन्ही एकमेकांत शिरलेली असतात. चिकटवलेल्या नमुन्यात बुडाशी चकचकीत कडा किंवा धूळ धरलेली रेघ सापडते, आणि अतिनील दिव्याखाली पुष्कळदा डिंक उजळतो. शंका आली तर घेऊ नये. दगड धुवायचाच तर साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने; आम्लाच्या जवळ नेऊ नये, उष्णतेजवळ ठेवू नये, कारण त्यातले पाणी त्याच्या बांधणीचाच भाग आहे. प्रकाशाने हा रंग उडत नाही, त्यामुळे उघड्यावर मांडायला हरकत नाही. धूळ मात्र पात्यांत अडकते, म्हणून काच हवी.

आणि चिठ्ठी. कागदाचा छोटा तुकडा, शक्यतो पेन्सिलीने लिहिलेला, कारण शाई ओलीने पसरते. खनिजाचे नाव, सोबतच्या खनिजांची नावे, खाणीचे नाव किंवा गट क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा, किती खोलीवर सापडला, कोणत्या महिन्यात, आणि ज्याने तो दगडातून सोडवला त्याचे नाव.